मायक्रोकंट्रोलरमधले इंटरप्ट: पहिल्या पल्सपासून स्लीप मोडपर्यंत

मोटरचा वेग मोजणारं एक छोटं यंत्र मी काही वर्षांपूर्वी केलं होतं. शाफ्टवर वीस छिद्रांची चकती, तिच्या आरपार बघणारा ऑप्टिकल सेन्सर आणि पल्स मोजायला एटीमेगा३२८पी, म्हणजे आर्डुइनो उनोवरची चिप. टेबलावर दिवसभर बिनचूक चाललं. प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा डिस्प्लेवर ३००० आरपीएमच्या जागी क्षणभर १०,६८० यायचे, मग एकदा शून्य, मग परत ३०००. मी वायरिंग बदललं, शील्ड असलेली केबल लावली, पॉवर सप्लायवर जास्तीचे कपॅसिटर चिकटवले. काही फरक नाही. दोष कोडच्या एका ओळीत होता, आणि ती ओळ इंटरप्टच्या आत नव्हतीच, मेन लूपमध्ये होती.

म्हणून हा लेख लिहिताना तेच यंत्र समोर ठेवतो. इंटरप्ट म्हणजे एखादी घटना घडताच प्रोसेसरला हातातलं काम थांबवून तिच्याकडे वळवणारी हार्डवेअरची सोय. त्याला पुस्तकी मराठीत ‘व्यत्यय’ म्हणतात, पण कामाच्या टेबलावर तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तेव्हा इंटरप्टच म्हणू. इंटरप्ट आल्यावर जे फंक्शन चालतं ते इंटरप्ट सर्व्हिस रूटीन, थोडक्यात आयएसआर.

इंटरप्ट हवाच कशाला?

३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. वीस छिद्रं, म्हणजे सेकंदाला १००० पल्स, दर मिलिसेकंदाला एक. मेन लूपमध्ये पिन पुन्हा पुन्हा वाचत बसायचं, म्हणजे पोलिंग करायचं, तर लूपची एक फेरी पल्सच्या रुंदीपेक्षा कमी वेळात पूर्ण झाली पाहिजे. डिस्प्लेवर चार ओळी लिहायला वीस मिलिसेकंद गेले की तेवढ्यात वीस पल्स निघून गेलेल्या असतात. याउलट १६ मेगाहर्ट्झवर दोन पल्सच्या मध्ये प्रोसेसरकडे १६,००० क्लॉक सायकल असतात, आणि एक पल्स मोजायला त्यातल्या जेमतेम चाळीस-पन्नास लागतात. इंटरप्टसाठी हे अगदी आदर्श काम आहे.

उलट, बटणासाठी इंटरप्ट वापरू नका. बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याला पाच-दहा इंटरप्ट येऊ शकतात. टायमरच्या ठोक्यावर दर दहा मिलिसेकंदांनी बटण वाचा, दोन-तीन वाचनं सारखी आली की दाबलं असं धरा. माणसाच्या बोटाला मायक्रोसेकंदाची घाई नसते.

इंटरप्ट आल्यावर चिपच्या आत काय होतं

एव्हीआरमध्ये, म्हणजे ३२८पी ज्या कुटुंबातली आहे त्या चिपमध्ये, चालू असलेली इन्स्ट्रक्शन पूर्ण होते, प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, स्टॅकवर जातो, स्टेटस रजिस्टरमधला ग्लोबल इंटरप्टचा ‘आय’ बिट हार्डवेअर स्वतः शून्य करतं आणि प्रोसेसर व्हेक्टर टेबलमधल्या, म्हणजे कोणत्या इंटरप्टने कुठे जायचं त्या यादीतल्या, ठरलेल्या पत्त्यावर जातो. याला किमान चार सायकल लागतात. त्या पत्त्यावर खऱ्या आयएसआरकडे नेणारा जंप असतो, त्याला आणखी तीन. परत येताना चार. ३२८पीच्या टेबलमध्ये रीसेट धरून २६ व्हेक्टर आहेत.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की एव्हीआरचं हार्डवेअर फक्त परतीचा पत्ता जपतं. बाकीची रजिस्टरं, इतकंच काय स्टेटस रजिस्टरसुद्धा, जपायचं काम कंपायलरने घातलेल्या कोडचं. म्हणून तिथे साधं फंक्शन चालत नाही, आयएसआरचा खास मॅक्रो लागतो. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम मालिकेत, म्हणजे ३२ बिटांच्या प्रोसेसरांत, गोष्ट वेगळी. तिथे हार्डवेअर आठ रजिस्टरं आपणहून स्टॅकवर ठेवतं, आणि मेमरीला वाट बघावी लागत नसेल तर कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ वर बारा सायकलमध्ये, एम० वर सोळा सायकलमध्ये आयएसआर सुरू होतं. त्यामुळे तिथे आयएसआर हे साधं सी फंक्शन असतं. फक्त नाव तंतोतंत जुळायला हवं.

नाव चुकलं तर काय होतं? एसटीएम३२ च्या, म्हणजे कॉर्टेक्स-एम प्रोसेसर असलेल्या चिपच्या, स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक व्हेक्टरला एक ‘वीक’, म्हणजे त्याच नावाचं आपलं फंक्शन नसेल तरच वापरला जाणारा, डिफॉल्ट हँडलर दिलेला असतो आणि तो म्हणजे अनंत लूप. नावात एक अक्षर चुकलं, तर कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि पहिला इंटरप्ट आला की बोर्ड गप्प. सी++ फाइलमध्ये ‘एक्स्टर्न सी’ लिहायला विसरलात तरी हेच. एव्हीआर-जीसीसीची तऱ्हा उलटी: इंटरप्ट चालू केला पण हँडलरच लिहिला नाही, तर प्रोसेसर रीसेटच्या पत्त्यावर उडी मारतो. बोर्ड गोठला तर नाव तपासा, बोर्ड पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर हँडलर आहे का ते तपासा.

पायरी १: सिग्नल आणि ट्रिगर ठरवा

उनोच्या पिन २ आणि ३ वर ३२८पीचे दोन बाह्य इंटरप्ट आहेत, आयएनटी० आणि आयएनटी१. प्रत्येकाला चारपैकी एक ट्रिगर देता येतो: पिन लो असताना, कोणताही बदल झाल्यावर, पडत्या एजवर (हायवरून लोवर जाताना), चढत्या एजवर (लोवरून हायवर जाताना). पल्स मोजायच्या असतील तर एकच एज घ्या, ‘कोणताही बदल’ निवडलात तर आकडा दुप्पट येईल.

लेव्हल ट्रिगरबद्दल सावध राहा. पिन लो असेपर्यंत इंटरप्ट पुन्हा पुन्हा येतच राहतो. ज्या सेन्सरची इंटरप्ट लाइन त्याचं रजिस्टर वाचेपर्यंत लो राहते, तिथे लेव्हल ट्रिगर ठीक, पण मग सेन्सर वाचेपर्यंत तो इंटरप्ट बंद ठेवावा लागतो. आमच्या चकतीच्या छिद्रावर मोटर थांबली असती, तर मेन लूप मुंगीच्या पावलांनी चालला असता.

सेन्सरचं आउटपुट ओपन कलेक्टर असेल, म्हणजे ते लाइन फक्त लो करू शकत असेल, तर तिला हाय धरणारा रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, लागतो. चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. टेबलावर तो पुरतो, मोटरजवळच्या लांब वायरला मात्र बाहेरून ४.७ किलोओहमसारखा दणकट पुल-अप लावा.

पायरी २: सेटअपचा क्रम पाळा

हा क्रम उलटसुलट केला की सुरुवातीलाच एक भुताटकीची पल्स मोजली जाते. ट्रिगरचे बिट बदलतानाच इंटरप्ट उठू शकतो, म्हणून:

१. त्या इंटरप्टचा स्वतःचा एनेबल बिट आधी बंद करा.
२. ट्रिगरचे बिट लिहा.
३. त्याचा फ्लॅग, म्हणजे इंटरप्ट आल्याची नोंद ठेवणारा बिट, पुसा.
४. मग एनेबल बिट चालू करा.
५. सगळं जमल्यावर शेवटी ग्लोबल इंटरप्ट चालू करा.

तिसऱ्या पायरीत नवखे हमखास ठेचकाळतात. फ्लॅग पुसायला त्या बिटात शून्य नव्हे, एक लिहायचा असतो. एव्हीआरमध्ये तसंच आणि एसटीएम३२ च्या एक्स्टी, म्हणजे बाह्य इंटरप्ट सांभाळणाऱ्या ब्लॉकच्या, पेंडिंग रजिस्टरमध्येही तसंच. त्याहून सूक्ष्म चूक म्हणजे तिथे ‘|=’ वापरणं. तो आधी रजिस्टर वाचतो, जे जे फ्लॅग उभे असतील ते सगळे त्याला एक दिसतात आणि ते सगळे एक म्हणून परत लिहितो. म्हणजे एक पुसायला गेलात आणि शेजारच्यांचे फ्लॅगही पुसून आलात. तिथे साधं ‘=’ वापरून हवा तो एकच बिट लिहा.

एसटीएम३२ वर आणखी तीन कड्या आहेत. एक्स्टीची लाइन पोर्टनुसार नव्हे, पिनच्या क्रमांकानुसार असते, त्यामुळे पोर्ट ए ची पिन ० आणि पोर्ट बी ची पिन ० एकाच वेळी इंटरप्टला जोडता येत नाहीत. बोर्ड डिझाइन करतानाच हे बघा, नंतर ट्रॅक कापायची वेळ येते. दुसरी कडी, कोणता पोर्ट हे ठरवणाऱ्या ब्लॉकचं क्लॉक चालू करावं लागतं, एफ१ मालिकेत एएफआयओचं आणि एफ४ मध्ये सिसकॉन्फिगचं. तिसरी, एक्स्टीमध्ये चालू करूनही एनव्हीआयसीमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये, वेगळं चालू करावं लागतं. शिवाय एफ१ आणि एफ४ वर लाइन ० ते ४ यांना स्वतंत्र व्हेक्टर, तर ५ ते ९ यांना एक आणि १० ते १५ यांना एक असा सामायिक व्हेक्टर आहे. सामायिक हँडलरमध्ये कुणाचा फ्लॅग उभा आहे हे प्रत्येकाला विचारायचं.

पायरी ३: आयएसआरमध्ये नोंद करा आणि बाहेर पडा

माझ्या यंत्राच्या आयएसआरमध्ये एकच काम होतं: काउंटर एकने वाढवणे. एवढंच असावं. वेग काढणं, भागाकार, डिस्प्ले, हे सगळं मेन लूपचं.

आर्डुइनोवर यात डिले घातला तर काय होतं ते बघा. मिलिसेकंद मोजणारा काउंटर टायमर० च्या ओव्हरफ्लो इंटरप्टवर वाढतो, दर १०२४ मायक्रोसेकंदांनी. तुमचं आयएसआर चालू असताना ‘आय’ बिट शून्य असतो, म्हणून तो इंटरप्ट येऊच शकत नाही. आत वेळ थांबलेली असते आणि डिले तिथेच अडकून बसतो. सिरियलवर छापणंही टाळा, ९६०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे आमच्या हिशेबात एक अख्खी पल्स. मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन, तर नकोच. मेन लूप मॅलॉकच्या मध्यावर असताना तुम्ही आतून तोच बोलावलात, तर हीपची, म्हणजे मोकळ्या मेमरीची, यादी अर्धवट अवस्थेत सापडते.

आणखी एक बारकावा. एव्हीआरच्या आयएसआरमधून दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन बोलावलं, तर ते फंक्शन कोणती रजिस्टरं बदलेल हे कंपायलरला कळत नाही, म्हणून तो डझनभर रजिस्टरं स्टॅकवर टाकतो आणि परत काढतो. दोन ओळींचं आयएसआर अचानक दुप्पट-तिप्पट वेळ का घेतंय याचं उत्तर बरेचदा हे असतं.

एव्हीआरमध्ये आयएनटी० चा फ्लॅग एज ट्रिगरवर आत शिरतानाच आपोआप पुसला जातो. एसटीएम३२ वर तो हाताने पुसायचा, आणि आयएसआरच्या पहिल्या ओळीत पुसायचा. पुसलाच नाही तर आयएसआर संपता संपता पुन्हा सुरू होतं आणि मेन लूपला कधी पाळीच मिळत नाही. शेवटच्या ओळीत पुसला, तर ते लेखन बसमधून पेरिफेरलपर्यंत पोचायच्या आत प्रोसेसर बाहेर पडतो, फ्लॅग अजून उभाच दिसतो आणि आयएसआर एकदा फुकट चालतं.

पायरी ४: मेन लूपमध्ये काउंटर वाचा

आता ती ओळ. काउंटर १६ बिटांचा होता आणि ‘व्होलाटाइल’ जाहीर केलेला होता. व्होलाटाइल नसता, तर कंपायलरने एकदा वाचलेली किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवली असती आणि मेन लूपला काउंटर कधीच हललेला दिसला नसता. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालणारा आणि चालू केल्यावर बंद पडणारा कोड बहुतेक याच कारणाने बिघडतो. पण व्होलाटाइल एवढंच सांगतो, की ‘दर वेळी मेमरीतून वाच’. ‘एका दमात वाच’ असं तो सांगत नाही.

३२८पी आठ बिटांचा प्रोसेसर आहे. १६ बिटांची किंमत तो दोन इन्स्ट्रक्शनमध्ये वाचतो, आधी खालचा बाइट, मग वरचा. काउंटर २५५ आहे असं धरा. खालचा बाइट २५५, वरचा ०. मेन लूपने खालचा वाचला: २५५. नेमक्या त्याच क्षणी पल्स आली, आयएसआरने काउंटर २५६ केला. आता खालचा बाइट ०, वरचा १. मेन लूप परत आला आणि वरचा वाचला: १. हाती आलं १ गुणिले २५६ अधिक २५५, म्हणजे ५११.

मी दर १०० मिलिसेकंदांनी वाचून आधीच्या वाचनाशी फरक काढत होतो. आधीचं वाचन १५५, फरक ३५६, गुणिले ३० म्हणजे १०,६८० आरपीएम. पुढचं खरं वाचन ३५५, त्यातून ५११ गेले उणे १५६, आणि उणे वेग मी शून्य धरत होतो. डिस्प्लेवरचं ते शून्य तिथून आलं होतं.

हे दोन-तीन दिवसांनीच का? सेकंदाला दहा वाचनं. दोन बाइटांच्या मधली फट सुमारे दोन सायकलची, म्हणजे १६,००० मधल्या दोन, ८००० त एक. शिवाय ती पल्स नेमकी हातचा नेणारी हवी, २५६ त एक. पल्स आणि वाचन यांचा आपसात मेळ नाही असं धरलं, तर सरासरी २,०४,८०० सेकंदांत एकदा, म्हणजे साधारण ५७ तासांनी. टेबलावर एक दिवस चाचणी करून मी हे कधीच पकडलं नसतं.

उपाय चार ओळींचा: स्टेटस रजिस्टर एका चलात ठेवा, इंटरप्ट बंद करा, काउंटरची प्रत घ्या, स्टेटस रजिस्टर होतं तसं परत लिहा. शेवटी थेट इंटरप्ट चालू करू नका, होतं तसंच परत ठेवा. हे फंक्शन उद्या कुणी आधीच इंटरप्ट बंद असलेल्या जागेतून बोलावलं, तर तुम्ही त्याच्या नकळत दार उघडाल. एव्हीआर-लिबसीमध्ये यासाठी ॲटॉमिक ब्लॉक तयार आहे, ‘रिस्टोअर स्टेट’ पर्यायासह तो वापरा.

३२ बिटांच्या कॉर्टेक्स-एमवर नीट संरेखित ३२ बिटांचं वाचन एका इन्स्ट्रक्शनमध्ये होतं, तिथे असं फाटकं वाचन होत नाही. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. मेन लूपमध्ये ‘काउंटर वाच आणि शून्य कर’ असं लिहिलंत, तर त्या दोन क्रियांच्या मध्ये आलेली पल्स तिथेही गायब होते. काउंटर कधी शून्य करूच नका. त्याला चालू द्या, आणि अनसाइन्ड वजाबाकीने फरक काढा. तो शेवटाला पोचून परत शून्यावर आला तरी फरक बरोबरच येतो.

एकापेक्षा जास्त माहिती येते तेव्हा

सिरियलवरून बाइट येत असतील तर काउंटर पुरत नाही, रिंग बफर, म्हणजे शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून भरली जाणारी रांग, लागतो. ११५२०० बॉडला एक बाइट दहा बिटांचा, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक. आयएसआर बाइट उचलून बफरमध्ये ठेवतं आणि ‘हेड’ पुढे नेतं, मेन लूप ‘टेल’ पुढे नेत वाचतो. हेड फक्त आयएसआरने लिहायचा, टेल फक्त मेन लूपने. एवढा नियम पाळला आणि निर्देशांक एका बाइटाचे ठेवले, तर इंटरप्ट बंद करायचीही गरज पडत नाही. ‘किती बाइट शिल्लक’ असा तिसरा, दोघांनी बदलायचा काउंटर ठेवण्याचा मोह होतो. तो ठेवलात की वरचीच कहाणी पुन्हा सुरू.

प्रायॉरिटी

एव्हीआरमध्ये एक आयएसआर चालू असताना दुसरं थांबतं, आणि दोन एकदम वाट बघत असतील तर टेबलमध्ये वरचं आधी. कॉर्टेक्स-एममध्ये प्रायॉरिटी देता येते आणि लहान आकडा म्हणजे मोठी प्रायॉरिटी. एसटीएम३२ एफ१, एफ४ वर ० ते १५ असे सोळा स्तर, कॉर्टेक्स-एम० वर फक्त चार. फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असाल तर ज्या इंटरप्टमधून तिची ‘फ्रॉम आयएसआर’ फंक्शनं बोलावणार, त्याचा आकडा ठरवून दिलेल्या कमाल सिसकॉलच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. रीसेटनंतर सगळ्यांची प्रायॉरिटी शून्य असते, म्हणजे सर्वोच्च. ती न बदलता क्यूमध्ये काही टाकलंत, तर कधीतरी शेड्यूलरच्या याद्या बिघडतात.

एका इंटरप्टचा पेंडिंग फ्लॅग एकच असतो. तुमचं आयएसआर रोखलेलं असताना एक पल्स आली तर ती फ्लॅगमध्ये थांबते, दोन आल्या तर त्यांची एकच होते. म्हणून सगळ्यात वाईट उशीर किती, हे मोजा. आयएसआरमध्ये शिरताना एक मोकळी पिन हाय करा, बाहेर पडताना लो. लॉजिक ॲनालायझरवर सेन्सरची लाइन आणि ही पिन शेजारी शेजारी लावा आणि तासभर चालू द्या. सरासरीकडे बघू नका, सगळ्यात लांब फट शोधा. ती जवळजवळ नेहमी कुणीतरी इंटरप्ट बंद करून ठेवलेल्या जागेतून येते.

झोपायच्या आधीची फट

बॅटरीवरचं यंत्र काम नसताना झोपवायचं असतं. ‘आयएसआरने उभा केलेला आपला फ्लॅग उभा नसेल तर झोप’ असं लिहिलं, तर तपासणी आणि झोप यांच्या मध्ये इंटरप्ट येऊन जाऊ शकतो. फ्लॅग उभा, प्रोसेसर झोपलेला, आणि पुढची पल्स येईपर्यंत कुणी उठवणारं नाही. एव्हीआरवर इंटरप्ट बंद करा, फ्लॅग तपासा, मग इंटरप्ट चालू करण्याची आणि झोपेची इन्स्ट्रक्शन लागोपाठ द्या. इंटरप्ट चालू केल्यावर पुढची एक इन्स्ट्रक्शन होईपर्यंत कोणताही इंटरप्ट घेतला जात नाही, त्यामुळे मध्ये शिरायला जागाच उरत नाही. कॉर्टेक्स-एमवर प्रायमास्क या रजिस्टरने इंटरप्ट रोखलेले असतानाही पेंडिंग इंटरप्टने प्रोसेसर झोपेतून उठतो, म्हणून तिथे रोखूनच झोपायचं आणि उठल्यावर रोख काढायची.

आज तेच यंत्र करायला घेतलं तर मी पल्स इंटरप्टने मोजणारच नाही. ३२८पीच्या टी१ पिनला, उनोवर ती पिन ५, सेन्सर जोडला की टायमर१ स्वतःच पल्स मोजतो, प्रोसेसरला हात लावायला लागत नाही. शिवाय त्याचं १६ बिटांचं रजिस्टर वाचताना खालचा बाइट वाचला की वरचा आपोआप एका तात्पुरत्या रजिस्टरमध्ये धरला जातो, म्हणजे फाटकं वाचन हार्डवेअरनेच सोडवलेलं आहे. फक्त ते तात्पुरतं रजिस्टर टायमर१ च्या सगळ्या १६ बिटी रजिस्टरांत मिळून एकच आहे. एखादं आयएसआर त्यांपैकी कशालाही हात लावत असेल, तर मेन लूपमधल्या त्या वाचनाभोवती वरच्या चार ओळी पुन्हा घालाव्या लागतात.